नवे यंत्र की मोठे आंगण?

अकोला डाळ मिलांसाठी प्रसिद्ध आहे. एखाद्या जुन्या पद्धतीच्या मिलवरून गेलात, तर यंत्रांच्या घरघरीआधी नजरेत भरते ते आंगणातले वाळवण. तुरीचे टरफल दाण्याला चिकाने घट्ट धरून असते. दाण्याला तेलपाणी लावून, उन्हात वाळवूनच ते सुटते. हरभरा त्या मानाने सोपा.

मिलवाल्यापुढे प्रश्न असतो, तूर किती घ्यावी आणि हरभरा किती? मुरलेला व्यापारी हे अंदाजाने ठरवतो, आणि बहुधा फारसा चुकत नाही. अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांत वाणिज्य शिकणारे तुमचे ताई-दादा हाच प्रश्न गणिताने सोडवतात. त्या गणिताला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. आपण रेषीय नियोजन म्हणू. नाव भारदस्त असले, तरी त्याची सुरुवात तुमच्या दोन चलांतील समीकरणांपासूनच होते.

सोयीचे आकडे घेऊ. मिल रोज ६० क्विंटल माल भरडते. आंगणात १०० ताडपत्र्या आहेत आणि एकीवर एक क्विंटल मावतो. तूर दोन दिवस वाळते, हरभरा एकच दिवस. म्हणजे रोज एक क्विंटल तूर काढायची, तर दोन ताडपत्र्या अडकतात. नफा क्विंटलमागे तुरीला ३५० रुपये, हरभऱ्याला २०० रुपये.

तूर क्ष आणि हरभरा य क्विंटल मानला, तर क्ष + य हे ६० च्या वर जाणार नाही आणि २क्ष + य हे १०० च्या वर जाणार नाही. या दोन रेषा आलेख कागदावर काढा. अक्षांसह त्यांच्या आत एक चौकोन सापडेल. सगळ्यांत जास्त नफा या चौकोनाच्या एखाद्या कोपऱ्यावरच मिळतो, मधले असंख्य बिंदू तपासावेच लागत नाहीत! नुसती तूर घेतली तर ५० क्विंटल, नफा १७,५०० रुपये. नुसता हरभरा ६० क्विंटल, नफा १२,००० रुपये. दोन रेषा छेदतात तिथे ४० क्विंटल तूर, २० क्विंटल हरभरा आणि नफा १८,००० रुपये.

इथवर अनुभवी मिलवालाही पोचेल. खरी गंमत पुढे आहे. त्याच्या हाती थोडे पैसे आले, तर मोठे यंत्र घ्यावे की आंगण वाढवावे? बहुतेक जण यंत्राकडे धावतील. आपण ताडपत्र्या १०१ करून पाहू. तूर ४१, हरभरा १९, नफा १८,१५० रुपये. एका ताडपत्रीने रोज १५० रुपये वाढले. आता ताडपत्र्या १०० च ठेवून यंत्राची ताकद ६१ क्विंटल करा. तूर ३९, हरभरा २२, नफा १८,०५०. वाढ फक्त ५० रुपयांची! तेव्हा शेजारची जागा ताडपत्रीमागे रोज १५० रुपयांपेक्षा कमी भाड्याने मिळत असेल, तर ती घ्यावी. मात्र १२० ताडपत्र्यांपर्यंतच. तिथे साठही क्विंटल तूरच होते आणि १२१ वी ताडपत्री नुसती पडून राहते.

हे गणित धंद्यातूनच जन्मले. १९३८ साली लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे एका प्लायवूड उद्योगाने प्रश्न आणला होता: आठ यंत्रे, पाच प्रकारचे लाकूड, कोणते काम कोणाला द्यावे? १९४७ साली अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे जात उत्तर गाठणारी 'सिम्प्लेक्स' रीत शोधली. पदार्थ दोनाऐवजी दोनशे असले, की कागदावर आलेख काढताच येत नाही. तेव्हा ही रीत आणि संगणक लागतात. कांतोरोविच यांना १९७५ साली ट्यालिंग कूपमन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. डँट्झिग मात्र राहिले, याची हळहळ वाटते.

आता तुमची पाळी. तुरीचा नफा क्विंटलमागे ४५० रुपये झाला, तर कोणता कोपरा जिंकेल? आणि मिलवाल्याचे यंत्र तेव्हा रोज किती क्विंटलांइतके रिकामे राहील?