पेंडींत राहिलेलें तेल

गेल्या सहामाहींत नववीच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, दुकानांतलें तेल रॉकेल घालून काढतात म्हणे, आमची आजी तें घरांत येऊं देत नाहीं. हें खरें का?" सारा वर्ग हंसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण तो मुलगा सत्याच्या अगदीं जवळ येऊन थांबला होता. रॉकेल नव्हे, परंतु रॉकेलाच्याच कुळांतील, खनिज तेलापासून निघणारा एक पातळ द्रव आपल्या सोयाबीन-तेलाच्या जन्मास बहुधा कारण होतो. त्याचें नांव हेक्झेन. तो कां वापरतात, कसा वापरतात आणि आजीच्या भीतींत तथ्य किती, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक साधा प्रयोग. करडईच्या पेंडीचा तुकडा कुटून टीपकागदाच्या घडींत ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. कागदावर तेलाचा डाग उमटेल. घाण्यानें पिळून पिळून टाकलेल्या पेंडींतही तेल राहतेंच. दाण्यांतील तेल सूक्ष्म पेशींत कोंडलेलें असतें. दाब वाढवावा तों चोथा अधिकच घट्ट होतो आणि तेलाच्या वाटाच बुजतात. अमेरिकेंत अँडरसन ह्यानें १९०० सालीं मळसूत्री दाबाच्या एक्स्पेलर यंत्राचा हक्क मिळविला व घाण्यावर मोठीच मात केली. तरी एक्स्पेलरच्या पेंडींतसुद्धां शेंकडा सहा-सात तेल उरतें.

भुईमुगाच्या दाण्यांत जवळजवळ निम्में तेल असतें, तेथें ही उधळपट्टी सोसते. सोयाबीनचें तसें नाहीं. एका क्विंटलांत तेल सुमारें २० किलो. एक्स्पेलर लावला तर त्यांतलें ६ किलो पेंडींतच जातें. लातूरच्या बाजारापासून आपल्या अंबड तालुक्यापर्यंत ज्या पिकावर आज इतक्या शेतकऱ्यांची भिस्त आहे, त्याच्या तेलाचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भाग असा वायां जाणें परवडणारें नाहीं.

जें पिळून निघत नाहीं तें विरघळवून निघतें. बैलगाडीच्या आंसाचें काळें वंगण हातास लागलें तर आपण तें पाण्यानें धूत बसत नाहीं. रॉकेलाचा बोळा फिरवितों. तत्त्व हेंच. फ्रान्समध्यें १८५५ च्या सुमारास डाइस नांवाच्या गृहस्थानें कार्बन डायसल्फाइड वापरून ही युक्ति उद्योगांत आणली. परंतु तो द्रव विषारी व भडकणारा. पुढें सॉक्सलेट ह्या जर्मन रसायनज्ञानें १८७९ मध्यें कांचेचें एक लहानसें उपकरण रचलें. त्यांत तोच थोडासा द्रव पुनः पुनः उकळून, थंड होऊन, पदार्थावर ठिबकत राहतो व त्यांतील सर्व स्निग्धांश खालच्या चंबूंत जमा करतो. आपल्याकडे तेलाचें शास्त्र शिकविणारी नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था एका दानशूर व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रांतून १९४२ सालीं उभी राहिली, हेंही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां कारखान्यांत चलूं. सोयाबीन स्वच्छ करून भरडतात, वाफेनें किंचित् मऊ करतात आणि रुळांखालीं घालून त्याचे पोहे करतात. हे पोहे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पातळ असावे लागतात. जाड राहिले तर द्रावक आंत पोंचत नाहीं, आणि त्यांचा चुरा झाला तर त्यांतून झिरपत नाहीं. पुढें ते एका बंद, लांबलचक यंत्रांत सावकाश सरकत जातात व वरून ५५ ते ६० अंश उष्ण हेक्झेनचा वर्षाव होत असतो.

अंकुशनगरच्या मुलांस ह्यापुढचें सांगणें फार सोपें जातें. समर्थ सहकारी साखर कारखान्याची चिमणी त्यांच्या रोजच्या पाहण्यांतली. साखर कारखान्यांत ऊंस एकामागून एक चरकांतून जातो. शेवटच्या चरकाआधीं चिपाडावर गरम पाणी शिंपडतात, आणि तेथें निघालेला पातळ रस मागच्या चरकाकडे नेतात. चिपाड पुढें, पाणी मागें. तेलाच्या यंत्रांत तेंच घडतें: निथळत आलेल्या जवळजवळ कोरड्या पोह्यांस अगदीं शुद्ध द्रावक भेटतो, आणि नुकत्याच आलेल्या तेलकट पोह्यांस तेलानें भरत आलेला. त्यामुळें थोड्या द्रावकांत काम भागतें व पेंडींतील तेल शेंकडा एकाच्याही खालीं उतरतें. तेल व हेक्झेन ह्यांच्या ह्या मिश्रणास कारखान्यांत मिसेला म्हणतात.

माझ्या मतें खरी कसोटी येथून पुढें आहे. तेल बाहेर काढणें सोपें; द्रावक परत मिळविणें कठीण. कारखान्यांतील निम्म्याहून अधिक नळ्या व टाक्या ह्याच एका कामास जुंपलेल्या असतात. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतो, तेल त्या आंचेस हालतही नाहीं. म्हणून मिसेला वाफेनें तापवून, शेवटीं निर्वातांत थेट वाफ सोडून, द्रावक उडवून लावतात. पेंडीसही वाफेनें भाजतात. त्यानें द्रावक जातो आणि सोयाबीनमधील पचनास अडथळा करणारें द्रव्यही निष्प्रभ होतें. सगळा बाष्परूप हेक्झेन थंड नळ्यांवर द्रवरूप होऊन पुन्हां पहिल्या टाकींत येतो. टनामागें दोन-तीन लिटर गमावले तरी तें जागरूक व्यवस्थापकास बोंचतें, आणि तें केवळ पैशासाठीं नव्हे.

हेक्झेनचें बाष्प हवेहून जड. तें वर उडून जात नाहीं. जमिनीलगत सरपटत गटारें, खड्डे, तळघरें गांठतें आणि हवेंत शेंकडा सव्वा भाग मिसळलें तरी एका ठिणगीनें फुटूं शकतें. अमेरिकेंतील लुइव्हिल शहरीं सोयाबीनच्या एका कारखान्यांतून हेक्झेन गटारांत शिरला, आणि १३ फेब्रुवारी १९८१ रोजीं पहाटे दोन मैलांहून अधिक लांबीचे रस्ते उखडले गेले. वेळ पहाटेची म्हणून प्राणहानि टळली. दुसरा धोका संथ आहे. जपानांत १९६० नंतरच्या वर्षांत सपाता चिकटविणाऱ्या कामगारांच्या हातापायांतील बळ गेलें. त्यांच्या डिंकांत हाच द्रव होता व कोंदट घरांत ते रोज तो हुंगत होते. खाणाराहून काम करणारास भीति अधिक, असें मी म्हणतों तें ह्यासाठीं.

मग आजीस काय सांगावें? असें तेल शुद्ध केल्यावांचून खाण्यास विकतां येत नाहीं. त्यांतील चिकट द्रव्यें व आम्ल काढून, रंग मातीनें शोषवून, शेवटीं निर्वातांत २०० अंशांहून अधिक तापवून त्यांतून वाफ खेळवितात. इतक्या उष्णतेंत हेक्झेन कसा टिकावा? आपल्या कायद्यानें शुद्ध तेलांत तो दहा लाख भागांत ५ भागांहून अधिक असतां कामा नये. तथापि आजीचा दुसरा आक्षेप मला मान्य आहे: ह्या खटाटोपांत तेलाचा वास व चव दोन्ही जातात. करडईचें घाण्याचें तेल ज्यानें भाकरीवर घेतलें आहे त्यास हें पटेल. करडई-तिळास घाणा, सोयाबीनास द्रावक, असा न्याय मला योग्य वाटतो.

हळद, मिरची ह्यांचे अर्क काढण्याची रीतही अशीच. भांडीं लहान, द्रावक निराळा, कोठें अल्कोहोल, कोठें ॲसिटोन. अलीकडे दाबाखालीं ठेवलेला कर्बद्विप्राणिद वायुही वापरतात. दाब सोडला कीं तो आपोआप उडून जातो, मागें कांहीं उरत नाहीं. यंत्र मात्र महाग. खानदेशांत रोशा गवताचें सुगंधी तेल पूर्वापार नुसत्या वाफेवर काढीत आले आहेत. तें वाफेबरोबर उडतें म्हणून तेथें द्रावकाचें कामच नाहीं.

तास संपतां संपतां मागच्या बाकावरील एक मुलगा उठला. त्याचा थोरला भाऊ अशाच एका कारखान्यांत नोकरीस आहे. तो म्हणाला, "गुरुजी, दादाची काडेपेटी आणि मोबाईल फाटकावरच काढून घेतात. हत्यारें पितळेची देतात आणि बुटाला खिळा असला तर आंत सोडीत नाहींत. त्याला वाटायचें, साहेब उगाच छळतात." नंतर जरा थांबून त्यानें विचारलें, "तें बाष्प गटारांतून किती लांब जाऊं शकतें?" मीं त्यास फळ्यावर लुइव्हिलच्या रस्त्यांची लांबी पुन्हां लिहून दाखविली. ती त्यानें आपल्या वहींत उतरवून घेतली. भावास दाखवावयाची आहे, असें म्हणाला.