चंद्रकांता: पुस्तकातली युक्ती आणि पडद्यावरची जादू

‘यक्कू!’ एवढं म्हटलं तरी इथल्या चाळिशीपुढच्या लोकांच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं, हे मी सांगायला नको. क्रूरसिंग. त्या जाडजूड भुवया, त्या मिशा आणि अखिलेंद्र मिश्रांचा तो आवाज. नीरजा गुलेरींची ‘चंद्रकांता’ 1994 मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा बोलणारी घरं एका गल्लीत असतात. त्या सगळ्यांनी मालिका एकच पाहिली. पण ती ज्या पुस्तकावरून घेतली, ते पुस्तक आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? हात थोडे वर येतील. म्हणून आज एवढंच बघू, की पुस्तकात काय आहे, पडद्यावर काय आलं, आणि मधे जे बदललं ते का बदललं.

आधी पुस्तक. लेखक देवकीनंदन खत्री. जन्म 1861, मृत्यू 1913. ‘चंद्रकांता’ छापून यायला लागली 1888 च्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे हरिभाऊ आपटे सामाजिक कादंबरी लिहायला लागले होते, त्याच काळात तिकडे काशीला हा माणूस राजपुत्र, राजकन्या आणि भुयारांची गोष्ट लिहीत होता. चार भाग. प्रकरणांना नाव आहे ‘बयान’. पुढे ‘चंद्रकांता संतति’ आली, ती चोवीस भागांची. त्यानंतर ‘भूतनाथ’, जी अपुरी राहिली आणि मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी, पुरी केली. म्हणजे ही एक कादंबरी नाही, मालिकाच आहे. हे वाचता यावं म्हणून कित्येक लोक हिंदी शिकले, असं हिंदीवाले अजूनही अभिमानाने सांगतात.

गोष्ट थोडक्यात अशी. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंग आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं प्रेम. विजयगढच्या मंत्र्याचा मुलगा क्रूरसिंग, त्याचाही तिच्यावर डोळा. त्याचं जमत नाही म्हटल्यावर तो चुनारच्या राजा शिवदत्तला भडकावतो. पण खरी गोष्ट या राजेलोकांची नाहीच. ती आहे ऐयारांची.

ऐयार म्हणजे कोण? हेर म्हणा, बहुरूपी म्हणा, वैद्य म्हणा, धावपटू म्हणा. सगळं थोडं थोडं. कमरेला बटवा, त्यात बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायला हुंगायचा लखलखा, वेष बदलायचं सामान. हातात कमंद, म्हणजे भिंतीवर फेकून चढायचा दोर. खत्री प्रस्तावनेतच सांगतात, की राजाराजांत लढाई जुंपली की हे लोक आपल्या हुशारीने ती मिटवायचे, फौजांचं रक्त न सांडता. वीरेंद्रचा तेजसिंग हा ऐयार. चंद्रकांतेची मैत्रीण चपला, तीही ऐयार. बाई आहे म्हणून तिला लेखकाने सवलत दिलेली नाही, तीसुद्धा वेष पालटते आणि भल्याभल्यांना फसवते.

आता मुद्द्याकडे येतो. या पुस्तकात जादू जवळजवळ नाही. एक ज्योतिषी आहे, तो रमल टाकून ठावठिकाणा काढतो, तेवढं सोडा. बाकी कोणी मंत्र म्हणून गायब होत नाही, कोणी साप होत नाही. जे चमत्कारासारखं दिसतं त्याच्यामागे पूड असते, वेष असतो, नाहीतर यंत्र असतं. ‘तिलिस्म’ हा शब्द मालिकेत आपण जादूनगरी या अर्थाने ऐकला. खत्रींचा तिलिस्म म्हणजे कोणीतरी बांधलेली इमारत आहे. खजिना राखण्यासाठी कुशल कारागिरांनी केलेली कळसूत्री रचना. पडक्या वास्तूत दगडी बगळा आहे, तो चक्क माणूस गिळतो. वाचताना अंगावर काटा येतो. शेवटी कळतं, ते यंत्र आहे. आणि तिलिस्म तोडायचा कसा? त्याचं एक पुस्तक असतं. ते मिळवायचं, नीट वाचायचं आणि त्यात सांगितलंय तसं पायरी-पायरीने करत जायचं. आपल्या जेकार्ड मागावर भोकं पाडलेल्या कार्डांवरून चादरीत फूल उमटतं ना, तसं. बघणाऱ्याला नवल वाटतं, कार्डं पाडणाऱ्याला वाटत नाही.

हे लेखकाला सुचलं कुठून? खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. त्या निमित्ताने ते डोंगर, पडके किल्ले, गुहा पालथ्या घालत. ज्यांना हे लांबचं वाटतं त्यांनी हैदराबादच्या रस्त्याला लागावं आणि नळदुर्गला उतरावं. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळतात आणि आत माणूस कोरडा उभा राहू शकतो. ज्याला ठाऊक नाही त्याला ती जादू वाटेल. ज्याने बांधलं त्याच्यासाठी तो हिशोब होता. खत्रींचा तिलिस्म म्हणजे हेच, फक्त कल्पनेने शंभर पट वाढवलेलं.

मालिकेत मात्र नाग आले, मायावी शक्ती आल्या, हातातून निघणारा उजेड आला. पंकज धीर यांचा शिवदत्त, शाहबाज खानचा वीरेंद्र, शिखा स्वरूपची चंद्रकांता, बद्रीनाथ ऐयाराच्या कामात इरफान खान, आणि आपल्या वर्षा उसगांवकरही त्यात होत्या. माणसं तोलामोलाची होती. मग युक्तीची जादू का झाली?

सोपं उत्तर म्हणजे ‘लोकांना तेच आवडतं’. त्यात तथ्य असेल, पण तेवढ्याने भागत नाही. खरी अडचण माध्यमाची आहे. बघा, पानावर वेषांतर फुकटात होतं. ‘एक म्हातारा साधू दारात आला’, लेखकाने लिहिलं, संपलं. तुम्ही साधूच बघता. दहा पानांनी लेखक सांगतो, तो तेजसिंग होता, आणि तुम्ही मांडीवर हात मारता. ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी क्षणभर कान झाका: सिद्धनाथ योगी म्हणून जो कादंबरीभर वावरतो, तो शेवटी तेजसिंगचा बाप जीतसिंग निघतो! पडद्यावर हे कसं करणार? त्याच नटाला दाढी लावली, तर प्रेक्षक पहिल्या मिनिटाला ओळखतो आणि न ओळखणारी पात्रं मूर्ख दिसतात. साधूच्या कामाला दुसरा नट घेतला, तर हा तेजसिंगच हे प्रेक्षकाला पटवायचं कसं? मग सोपी वाट उरते. धूर सोडायचा, झगमगाट करायचा, आणि एका माणसाच्या जागी दुसरा उभा करायचा. एकदा तसं केलं की ती ऐयारी राहिली नाही, जादू झाली. आणि एका माणसाला जादू येते म्हटल्यावर समोरच्याला त्याहून मोठी यायला हवी. नागापर्यंत पोचायला मग वेळ लागत नाही.

दुसरं कारण म्हणजे लांबी. मालिका शंभरावर भाग चालली. आठवड्याला एक भाग, मागचा चुकला तरी आजचा समजला पाहिजे. पुस्तकातली युक्ती लक्षात ठेवावी लागते; कोण कोणाच्या वेषात कुठे अडकलाय हे विसरलात की गोष्ट सुटली. क्रूरसिंगची भुवई मात्र विसरता येत नाही. म्हणून कादंबरीत जो मुख्यतः काडी टाकणारा आहे, तो मालिकेचा चेहरा झाला. इंग्रजीतल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं उलट झालं. तिथे पुस्तकं मागे राहिली, मालिका पुढे गेली आणि शेवट स्वतःच करून मोकळी झाली. इथे सगळी पुस्तकं हाताशी होती, तरी मालिका भलत्याच वाटेने गेली.

पण ती वाट नवी नव्हती, हे मला आवर्जून सांगायचंय. ऐयार आणि तिलिस्म हे दोन्ही शब्द खत्रींना दास्तानांतून मिळाले. अमीर हमज़ाची दास्तान, आणि 1880 च्या दशकात लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून येऊ लागलेलं ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. त्या दास्तानांत जादूगार आहेत, मायानगऱ्या आहेत, सगळं आहे. खत्रींनी त्यातली जादू काढून घेतली आणि तिच्या जागी यंत्र बसवलं. आगगाडी आणि तारायंत्राच्या काळातला माणूस होता तो. शंभर वर्षांनी टीव्हीने ते यंत्र काढलं आणि जादू परत बसवली. म्हणजे मालिका पुस्तकाला सोडून गेली खरी, पण गेली कुठे, तर पुस्तकाच्या आजोबांच्या घरी. 2017 मध्ये दोन वाहिन्यांनी एकाच वर्षी चंद्रकांता आणली, तेव्हाही ओढ तिकडेच होती.

मग बिघडलं काय, असं कोणी विचारेल. गोष्टच आहे, जादूची असली म्हणून काय झालं? माझं म्हणणं असं आहे. जादू जन्माने मिळते, वरदानाने मिळते, नागमणी सापडला तर मिळते. ऐयारी शिकावी लागते. तेजसिंग आणि चपला हे नोकरीपेशाची माणसं आहेत. त्यांच्याकडे गादी नाही, फौज नाही, हातात एक कसब आहे. राजपुत्राचं अडलं की तो यांच्याकडे बघतो. हातातल्या कसबावर उभ्या राहिलेल्या आपल्या गावाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मालिकेत हा माणूस मागे सरकला आणि पुढे शक्ती आली. माझ्या मते एवढाच एक फरक मोठा आहे, बाकीचे किरकोळ.

पुस्तक जुनं आहे म्हणून घाबरू नका. हिंदी सोपं आहे, बयानं छोटी आहेत. दोन संध्याकाळी दिल्यात तर पहिला भाग होईल. फक्त वाचताना एक करा: काही अद्भुत घडलं की तिथे थांबा, आणि हे केलं कसं असेल ते स्वतः शोधायचा प्रयत्न करा, मग पुढचं पान उलटा. प्रश्न असतील तर आता घेऊ.