परदेशात गाडी भाड्याने घेताना: जालन्यातून निघण्यापूर्वी

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना (आयडीपी)

• देतो कोण? राहत्या पत्त्याचे परिवहन कार्यालय. जालना जिल्ह्यासाठी जालन्याचेच, म्हणजे एमएच-२१ पाटीचे. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर, नमुना ४-अ. शुल्क १,००० रुपये.

• सोबत: चालू वाहन परवाना, पासपोर्ट.

• मुदत १ वर्ष. मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. परदेशात नूतनीकरणाची धावपळ नको, म्हणून दोन्ही तारखा आधी पाहाव्यात.

• ही ए-६ आकाराची राखाडी पुस्तिका मूळ परवान्याचा अनुवाद असते. एकटी चालत नाही. मूळ कार्ड जवळ हवेच.

• आधार: १९४९ चा जिनिव्हा करार. चीन हा परवाना मानत नाही. ब्रिटनमध्ये पाहुण्यांना भारतीय परवान्यावर १२ महिने गाडी चालवता येते, तरी भाड्याची कंपनी आयडीपी मागू शकते.

काउंटरवर

• चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड बहुतेक ठिकाणी लागते. त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात.

• वय साधारण २१ पूर्ण. २५ च्या आत असल्यास अनेकदा जादा आकार.

• नुकसान-सवलत, म्हणजे ‘सीडीडब्ल्यू’, घेतली तरी ठरावीक रक्कम बहुधा आपल्यालाच भरावी लागते. टायर, काच, गाडीचा तळ अनेकदा त्यातून वगळलेले असतात.

रस्त्याची बाजू

• आपल्यासारखी डावी: ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, थायलंड, मॉरिशस.

• उजवी: अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, संयुक्त अरब अमिराती.

किल्ली हाती घेण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. जुना ओरखडा करारपत्रावर नोंदवून घ्या.