वरून भरलेली जखम, आत धुमसणारं हाड

कल्याण-शीळ रस्त्यावर दुचाकी घसरते आणि नडगी कातडी फाडून बाहेर येते. रस्त्यावरची माती, जंतू थेट हाडापर्यंत पोहोचतात. नडगीच्या पुढच्या बाजूला मांस जवळजवळ नसतंच, म्हणून तिथं संसर्गाची भीती जास्त. प्रतिजैविक पहिल्या तासाभरात मिळावं. डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कल्याणचं रुक्मिणीबाई, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा.

हाडाच्या या संसर्गाला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. बहुतेकदा कारण स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू. मुलांत तो जखमेशिवायही, रक्तातून हाडात शिरतो. तापलेलं मूल अचानक पाय टेकवेनासं झालं, तर ‘खेळताना मुरगळला असेल’ म्हणून कृपया थांबू नका. पहिले 10 ते 14 दिवस एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. एमआरआयमध्ये बिघाड आधी कळतो. मधुमेह्यांत सुरुवात पायाच्या न दुखणाऱ्या जखमेतून होते.

प्रतिजैविकं साधारण 4 ते 6 आठवडे चालतात. ताप उतरला की ती सोडणं धोक्याचं. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, मग औषध कसं जाणार? तो तुकडा शस्त्रक्रियेनं काढावाच लागतो. राहिला, तर कातडीतल्या छिद्रातून वर्षानुवर्षं पू वाहतो. मुलांच्या हाडाची वाढही खुंटू शकते.

काढलेल्या हाडाची जागा भरता येते. त्यासाठी सायबेरियातल्या कुर्गानच्या गाव्रील इलिझारोव्ह यांनी घडवलेली तारा आणि कड्यांची चौकट वापरतात. तिच्या आधारानं हाड रोज सुमारे 1 मिलिमीटर सरकवतात आणि मागच्या फटीत नवं हाड तयार होतं.