आधी अनुभव, मग पंख : स्कायडायव्हिंग आणि विंगसूटमधील सुरक्षिततेचे गणित

रायपूर : छत्तीसगड राज्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ५ नोव्हेंबर २०२५ रोजी नवा रायपूर येथील सेंध तलावाच्या आकाशात भारतीय हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाने चित्तथरारक कसरती सादर केल्या. अशा सोहळ्यांनंतर आपणही आकाशात झेपावावे, अशी इच्छा अनेक तरुणांच्या मनात निर्माण होते. देशातील हवाई क्रीडाप्रकारांना आता शासकीय पाठबळही मिळू लागले आहे. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग आदींसोबत स्कायडायव्हिंगचाही समावेश आहे.

रायपूर किंवा नागपूर परिसरातील इच्छुकांना मात्र स्कायडायव्हिंगसाठी साधारणपणे मध्य प्रदेशातील उज्जैन किंवा हरियाणातील नारनौल गाठावे लागते. प्रवासाचा खर्च मोठा आणि हाती दोन-तीन दिवसच असल्याने एकाच भेटीत शक्य तेवढे करून घेण्याचा मोह होतो. या क्रीडाप्रकारातील जाणकार नेमका याच घाईपासून सावध करतात. स्कायडायव्हिंगमध्ये धोका केवळ उंचीचा नसतो. स्वतःच्या अनुभवाला न पेलणारे साधन निवडणे, हा त्याहून मोठा धोका असतो.

शीतल महाजन यांची वाटचाल

मराठी वाचकांना स्कायडायव्हिंग म्हटले की प्रथम पुण्याच्या शीतल महाजन यांचे नाव आठवते. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उणे ३७ अंश सेल्सिअस तापमानात, सुमारे २४०० फूट उंचीवरून पॅराशूटच्या साहाय्याने उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. त्यानंतर डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून उडी घेतली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्काराने गौरवण्यात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट शिखरासमोर २१,५०० फूट उंचीवरून झेप घेतली.

वृत्तपत्रांच्या मथळ्यांत पहिल्या उडीचे धाडस ठळकपणे दिसते. प्रत्यक्षात पहिली उडी आणि एव्हरेस्टसमोरील उडी यांमध्ये १९ वर्षांचा काळ आणि शेकडो उड्यांचा सराव आहे. विरळ हवा, प्राणवायूची कमतरता आणि उतरण्यासाठी उंच डोंगराळ भाग, अशा परिस्थितीला सामोरे जाण्याची तयारी त्या सरावातूनच होते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी साडी नेसून सुमारे १३ हजार फुटांवरून उडी घेतली. तांत्रिकदृष्ट्या ही उडी साधी नव्हती. ताशी १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येताना अंगावरील सैल कापड फडफडते. ते पॅराशूट उघडण्याच्या मुठीवर येऊ शकते किंवा शरीराचा तोल बिघडवू शकते. वेशभूषेतील साध्या बदलामुळेही उडीचे गणित बदलते, हे त्यातून स्पष्ट होते. विंगसूट हा तर हवेचा प्रवाहच बदलून टाकणारा पोशाख आहे.

आकडे काय सांगतात ?

स्कायडायव्हिंग पूर्वीपेक्षा बरेच सुरक्षित झाले आहे. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन या संस्थेच्या नोंदींनुसार १९७० च्या दशकात त्या देशात दरवर्षी सरासरी ४० हून अधिक जणांचा मृत्यू होत असे. २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांमध्ये १० मृत्यू झाले, म्हणजे साधारण ३ लाख ६५ हजार उड्यांमागे एक.

कडा, मनोरा किंवा पूल यांवरून घेतल्या जाणाऱ्या 'बेस जंपिंग'ची स्थिती अगदी वेगळी आहे. नॉर्वेतील शेराग कड्यावरून १९९५ ते २००५ या काळात घेतलेल्या २०,८५० उड्यांच्या अभ्यासात ९ मृत्यूंची नोंद झाली. हे प्रमाण सुमारे २३१७ उड्यांमागे एक एवढे होते. विमानातून उडी घेणाऱ्याजवळ उंची, वेळ आणि राखीव पॅराशूट असते. कड्यावरून झेप घेणारा बहुधा एकाच पॅराशूटवर विसंबतो आणि त्याच्याजवळ काही सेकंदच असतात. दूरचित्रवाणीवर किंवा इंटरनेटवर दिसणारी, डोंगराच्या कुशीतून जाणारी विंगसूटची दृश्ये बहुतेक या दुसऱ्या प्रकारातील असतात. दोन्हींना एकच खेळ समजणे ही नवोदितांची पहिली चूक ठरते.

पाठीवरील साधनात काय असते ?

स्कायडायव्हरच्या पाठीवरील पिशवीत दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि दुसरे राखीव. मुख्य पॅराशूट नीट उघडले नाही तर ते तोडून टाकून राखीव उघडायचे असते. या कामासाठी अमेरिकेतील बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात तीन कड्यांची सुटी होणारी जोडणी तयार केली. एक मूठ ओढताच मुख्य पॅराशूट खांद्यापासून वेगळे होते. आज जगभर ही रचना वापरली जाते. अमेरिकेतील नियमानुसार राखीव पॅराशूटची घडी दर १८० दिवसांनी परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून पुन्हा घालून घ्यावी लागते.

तिसरे महत्त्वाचे साधन म्हणजे स्वयंचलित उघडयंत्र. जर्मनीतील एअरटेक कंपनीने १९९१ मध्ये 'सायप्रेस' नावाचे असे इलेक्ट्रॉनिक यंत्र बाजारात आणले. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजते. अनुभवी व्यक्तींसाठीच्या मूळ प्रकारात, सुमारे ७५० फूट उंचीवरही खाली येण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरहून अधिक असेल, तर ते राखीव पॅराशूट आपोआप उघडते. बेशुद्ध झालेल्या किंवा उंचीचे भान हरपलेल्या अनेकांचे प्राण अशा यंत्रांमुळे वाचले आहेत.

असे असले तरी हे यंत्र शेवटचा उपाय आहे. पोटावर आडवे राहून पडणारी व्यक्ती सेकंदाला सुमारे १८० फूट खाली येते. म्हणजे ३ हजार फूट उंचीवर तिच्याजवळ जेमतेम १६ सेकंद उरतात. म्हणूनच युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नियमांत विद्यार्थी आणि प्राथमिक परवानाधारकांनी ३ हजार फुटांच्या वरच, तर प्रशिक्षकासोबतच्या जोडउडीत ५ हजार फुटांच्या वर पॅराशूट उघडावे असे सांगितले आहे.

लहान छत्रीचा मोह

पॅराशूट उघडले की धोका टळला, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली, उतरताना झालेले मृत्यू आणि गंभीर दुखापती ही या क्रीडाप्रकारातील जुनी समस्या आहे. तिचे मूळ पुष्कळदा छत्रीच्या आकारात असते.

साधनासह एकूण वजन ९५ किलो, म्हणजे सुमारे २१० पौंड असलेल्या व्यक्तीने २१० चौरस फुटांची छत्री वापरल्यास दर चौरस फुटावर एक पौंड भार येतो. नवशिक्यासाठी साधारणपणे ही मर्यादा मानली जाते. त्याच व्यक्तीने १२० चौरस फुटांची छत्री घेतली, तर भार १.७५ पौंडांवर जातो. लहान छत्री वेगवान आणि चपळ असते. ती वळणाला त्वरित प्रतिसाद देते आणि चुकीलाही तितक्याच त्वरेने देते. जमिनीजवळ जोरात वळण घेतले तर ती खाली सूर मारते आणि सावरण्यास उंची उरत नाही. स्वस्तात मिळालेली वापरलेली छत्री आपल्या वजनाला आणि अनुभवाला योग्य आहे का, हे प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय विकत घेणे म्हणूनच धोक्याचे असते.

विंगसूटमुळे काय बदलते ?

विंगसूट म्हणजे हात व धड यांच्यामध्ये आणि दोन्ही पायांमध्ये कापडाचे पंख असलेला पोशाख. समोरून येणारी हवा पंखांत भरते आणि मनुष्य खाली पडण्याऐवजी पुढे सरकू लागतो. खाली येण्याचा वेग निम्म्याहून कमी होतो आणि हवेत राहण्याचा काळ एका मिनिटावरून दोन ते तीन मिनिटांपर्यंत वाढतो. फिनलंडचे यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचे रॉबर्ट पेचनिक यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या 'बर्डमॅन' कंपनीने हा पोशाख सर्वसामान्य स्कायडायव्हरपर्यंत पोहोचवला.

या सोयीसोबत नव्या अडचणी येतात. हात कापडात अडकलेले असल्याने मुठीपर्यंत पोहोचण्याची हालचाल बदलते. पाठीमागे हवेची मोठी पोकळी तयार होते आणि मुख्य पॅराशूटला बाहेर ओढणारी लहान छत्री तिच्यात घुटमळू शकते. पॅराशूट उघडताना शरीर सममितीत नसेल तर दोऱ्यांना पीळ पडतो. विमानातून बाहेर पडताच पंख उघडल्यास शेपटीला धडकण्याची भीती असते. जुलै २०१८ मध्ये फ्रान्समध्ये उडी घेतलेल्या एका विंगसूटधारकाला, तो ज्या विमानातून बाहेर पडला त्याच विमानाच्या पंखाची धडक बसून त्याचा मृत्यू झाला. विमान कोणत्या मार्गाने उतरणार आणि विंगसूटधारक कोणत्या दिशेने जाणार, हे वैमानिकाशी आधी ठरवणे किती आवश्यक आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

स्वयंचलित उघडयंत्राच्या बाबतीतही पेच आहे. विंगसूटमध्ये खाली येण्याचा वेग सेकंदाला २० ते २५ मीटर किंवा त्याहूनही कमी असू शकतो. त्यामुळे ३५ मीटरच्या मर्यादेवर चालणारे यंत्र जमिनीपर्यंत स्वस्थ राहू शकते. जे यंत्र साध्या उडीत प्राण वाचवते, त्यावर विंगसूटमध्ये तसा भरवसा ठेवता येत नाही. पुढे विंगसूटसाठी वेगळी यंत्रेही तयार करण्यात आली. मात्र आपल्या पाठीवर कोणते यंत्र आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असलेच पाहिजे.

या कारणांमुळे विंगसूटच्या पहिल्या उड्डाणापूर्वी किमान २०० साध्या उड्या पूर्ण झाल्या पाहिजेत, अशी युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनची अट आहे. प्राथमिक परवाना २५ उड्यांनंतर मिळतो, हे लक्षात घेतले तर या अटीचे वजन कळते. साध्या उडीतील हालचाली अंगवळणी पडल्यावरच नव्या अडचणींकडे लक्ष देता येते, हा त्यामागील विचार आहे. पहिला पोशाखही कमी क्षेत्रफळाचा आणि सौम्य असावा, तर मुख्य पॅराशूट शांतपणे उघडणारे असावे, असा सल्ला दिला जातो.

अनुभवी व्यक्तीही अपवाद नाहीत

आधुनिक विंगसूटचे प्रणेते मानले जाणारे फ्रान्सचे पॅट्रिक द गायार्दों यांचा १३ एप्रिल १९९८ रोजी हवाई बेटांवर मृत्यू झाला. त्यांच्याजवळ अनुभवाची उणीव नव्हती. पॅराशूटच्या पिशवीत त्यांनी स्वतः केलेल्या बदलातील शिवणीची चूक त्यांच्या जिवावर बेतली. एप्रिल २०२५ मध्ये आग्रा येथे हवाई दलाच्या 'आकाशगंगा' पथकातील एका प्रशिक्षकाचाही प्रात्यक्षिक उडीत झालेल्या दुखापतींमुळे मृत्यू झाला. अनुभवामुळे धोका कमी होतो, संपत नाही. म्हणूनच प्रत्येक उडीपूर्वी दुसऱ्या जाणकार व्यक्तीकडून साधनांची तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. ती नवशिक्याइतकीच तज्ज्ञालाही लागू असते.

उष्ण हवा आणि उंचीमापक

मध्य भारतातील हवामान हाही सुरक्षिततेचा भाग आहे. रायपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १०४० फूट उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की तेथील हवा साधारण साडेचार हजार फूट उंचीवरील हवेइतकी विरळ होते. विरळ हवेत छत्री अधिक वेगाने उतरते. समुद्रसपाटीवरील सामान्य हवेच्या तुलनेत हा फरक सुमारे सात टक्के असतो. शिवाय तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत छत्रीला हेलकावे देतात. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळची वेळ आणि एकूणच हिवाळ्याचे महिने अधिक योग्य ठरतात.

उंचीमापक ज्या ठिकाणी उतरायचे त्या जमिनीवर शून्यावर आणणेही तितकेच आवश्यक आहे. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० फूट उंचीवर आहे. तेथे उंचीमापक समुद्रसपाटीवर लावलेला राहिला, तर तो ३ हजार फूट दाखवत असताना जमीन केवळ १४०० फूट खाली असेल.

इच्छुकांनी काय पाहावे ?

एकदाच अनुभव घ्यायचा असेल, तर प्रशिक्षकाला बांधून घेतली जाणारी जोडउडी हा योग्य मार्ग आहे. तेव्हा साधनांची निवड आणि हाताळणी प्रशिक्षकाच्या हाती असते. तरीही संस्थेजवळ आवश्यक परवानग्या आहेत का, प्रशिक्षक जोडउडीसाठी पात्र आहे का, राखीव पॅराशूटची घडी कधी घातली, स्वयंचलित यंत्राची तपासणी केव्हा झाली आणि वजनाची मर्यादा किती, हे प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. हृदयविकार, पाठीचे दुखणे किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया लपवू नये.

स्वतंत्रपणे उडी शिकायची असेल, तर एका भेटीत सर्व साधण्याचा हट्ट सोडावा लागतो. एकट्याने उडी घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी सुमारे २२ किलोमीटर मानली जाते. वारा त्याहून अधिक असेल तर दिवस वाया गेला तरी थांबणे हाच नियम आहे. रायपूरहून हजार किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या विद्यार्थ्यालाही प्रशिक्षक अशा वेळी जमिनीवरच थांबवतो, आणि त्याचे ऐकणे हा प्रशिक्षणाचाच भाग असतो.