चाळिशीनंतरची डोंगरी सायकल

रक्तातील साखरेचा अहवाल हातात आला तेव्हा आमचे वय त्रेचाळीस होते. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, तिचा आकडा ७.४ आला होता. डॉक्टरसाहेबांनी गोळी लिहून दिली आणि विचारले, "सर, दिवसभरात चालणे किती होते?" आम्ही प्रामाणिकपणे हिशेब केला. घरापासून मोटारसायकलपर्यंत, मोटारसायकलपासून स्टाफरूमपर्यंत आणि तेथून वर्गापर्यंत. डॉक्टर हसले, पण आम्हाला हसू आले नाही. आमच्या अब्बांच्या पायाची दोन बोटे याच साखरेने गेली होती आणि ते असेपर्यंत रोजची मलमपट्टी आम्हीच करत होतो. तो वास आम्ही अजून विसरलेलो नाही.

चालण्याचा प्रयोग पंधरा दिवस टिकला. मग आमच्या भाच्याने हौसेने घेतलेली आणि तिसऱ्या महिन्यात कंटाळून गॅलरीत उभी केलेली माउंटन बाइक आम्ही अठरा हजारांना उचलली. पुढच्या चाकाला सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, जाड खडबडीत टायर. चाचांनी ती पाहून कपाळाला हात लावला. "इस उमर में हड्डी तोडोगे क्या?" असे ते म्हणाले. चाचांचे बोल पुढे खरे ठरले, ते ओघाने येईलच.

डोंगरीच सायकल कशाला, साधी का नको, असे पुष्कळांनी विचारले. साताऱ्यात राहणाऱ्याला खरे तर हा प्रश्न पडू नये. घराबाहेर पडले की एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वरचा घाट. सपाट रस्ता म्हणजे हमरस्ता, आणि तेथे ट्रक आपल्याला मोजत नाहीत. पायवाटेवर निदान गाय आडवी येते, तिला आपली कदर असते.

फजरच्या नमाजनंतर आम्ही निघायचो आणि शाळेच्या वेळेआधी परतायचो. पहिल्या दिवशी यवतेश्वर घाटाच्या दुसऱ्याच वळणावर उतरून आम्ही दगडावर बसलो. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. दूधवाला मोटारसायकल थांबवून विचारून गेला, "बरं वाटत नाही का, सर?" घाट एकदाही न उतरता चढायला आम्हाला अकरा आठवडे लागले. त्या दिवशी वर पोहोचल्यावर सांगावे असे कोणी नव्हते, म्हणून आम्ही बेगमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं. येताना कोथिंबीर आणा."

शिकायचे काय काय असते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. आमची समजूत अशी की, सायकल एकदा आली ती आली. डोंगराने ती समजूत काढून टाकली. खडा चढ आला की माणूस घाबरून जोर लावतो, मग मागचे चाक मुरुमात घसरते. त्यापेक्षा पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चकती लावावी, सीटच्या टोकावर सरकून बसावे, छाती हँडलकडे झुकवावी आणि पाय संथपणे, न थांबता फिरवत राहावे. वेग इतका कमी होतो की पायी चालणारी आजीबाई बरोबरीने येते. येऊ द्यावी. एका आजींनी तर आमच्याशी अर्धा किलोमीटर गप्पा मारल्या. उत्तरे देण्याइतका श्वास आमच्यापाशी नव्हता, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

टायरमधील हवेचेही तसेच. आम्ही पंपवाल्याकडून हवा टम्म भरून घ्यायचो आणि दगडांवर चेंडूसारखे उडायचो. मग कोणी तरी हवा कमी ठेवा म्हणाले, तर आम्ही ती फारच कमी केली. त्याची शिक्षा लगेच मिळाली. दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. असे दोन पंक्चर एका सकाळी झाले, आणि आम्ही साडेचार किलोमीटर सायकल ढकलत आणली. आता आमच्या वजनाला पुढे २८ आणि मागे ३० पौंडांचा दाब बरा पडतो, हे अनुभवाने ठरले आहे.

चढ शरीर मागतो, उतार डोके मागतो. उतारावर दोन्ही पेडल समपातळीत, टाचा किंचित खाली, बूड सीटच्या मागे, ब्रेकवर एकच बोट. नजर चाकापुढच्या दगडावर ठेवायची नाही, जेथून जायचे तेथे ठेवायची, कारण ज्या दगडाकडे पाहाल त्याच दगडावर सायकल जाते. हे सारे आम्हाला तोंडपाठ होते. तरी पाचव्या महिन्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या एका पायवाटेवर, सुट्या मुरुमात, आम्ही घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक जागच्या जागी थांबले, आम्ही थांबलो नाही. उजव्या मनगटातले एक लहान हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

घरात काय झाले ते सविस्तर सांगत नाही. बेगम तीन दिवस फक्त औषधांच्या वेळा सांगण्यापुरत्या बोलल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "मुलीची बारावी आहे. धाकटा सातवीत. तुमच्या हौसेची किंमत कोण देणार?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या सहा आठवड्यांत एक गंमत मात्र कळली. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. फळ्यावर डाव्या हाताने लिहू लागलो, तर मराठीच्या तासाला लिहिलेले सगळे आमच्याच मनगटाने पुसले जाई, कारण हात लिहिलेल्या अक्षरांवरून सरकतो. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, तिथे हात कोऱ्या फळ्यावर पुढे पुढे जातो. उर्दू वाकडी आली, पण स्वच्छ आली. मुलांनी हे आमच्याआधी ओळखले होते.

वर्गात त्यांनी हात कसा मोडला ते विचारले, तेव्हा आम्ही त्यांना या सायकलचा जन्म सांगितला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, वजनदार, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली सुटत. मागच्या चाकाला उलटे पेडल मारून लागणारा ब्रेक असे. एका उतारात तो इतका तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे, आणि पुन्हा उतरण्याआधी त्यात नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. त्यांच्यातल्याच जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवी सायकल बांधली. पुढे १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. वीस वर्षांत भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, तुमच्या ब्रेकमधून धूर निघाला का?"

प्लास्टर निघाल्यावर सायकल तीन महिने पलंगामागे उभी होती. दरम्यान दुसरी तपासणी झाली होती आणि आकडा ६.६ वर आला होता. तो कागद बेगमनीच आणला. वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "चालवा. पण एक अट. दगडाचा उतार आला की खाली उतरून चालायचं. कोणी बघत असो, नसो." आम्ही शब्द दिला.

रमजानचा प्रश्न डॉक्टरांशी बसून सोडवला. त्या वर्षी रोजे मार्च-एप्रिलच्या उन्हात होते. दुपारी सायकल बंद. इफ्तारच्या आधी अर्धा तास सपाटीवर हलकी फेरी, नाही तर तरावीहनंतर. साखर सत्तरच्या खाली गेली तर रोजा सोडायचा, हे डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते. बोट टोचून तपासणी केल्याने रोजा तुटत नाही, हे आम्ही आलिमसाहेबांनाही विचारून घेतले. गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनी आमचे पाहून काही करू नये, आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. एका संध्याकाळी यंत्रावर ७४ दिसले, तेव्हा आम्ही सायकल तिथेच लावून एका दुकानाच्या पायरीवर अजान होईपर्यंत बसून राहिलो होतो.

पहिल्या शर्यतीत आम्ही शेवटचे आलो. हे जरा थांबून सांगायला हवे, कारण शेवटचा येणे हाही एक अनुभव आहे. मार्ग दाखवायला झाडांना रंगीत फिती बांधलेल्या असतात. आमच्या मागे एक कार्यकर्ता त्या फिती सोडत पायी येत होता. चढावर तो आम्हाला गाठायचा आणि अदबीने थोडे मागे थांबायचा. शेवटच्या फेरीत त्याने विचारले, "काका, पाणी हवंय का?" आणि आपली बाटली दिली.

त्याच शर्यतीत खुल्या गटातील मुले आमच्यावर फेरी चढवून पुढे जात होती. ओलांडणाऱ्याने बाजू ओरडून सांगायची, असा रिवाज आहे. मागून आवाज आला, "डावीकडून येतोय!" आणि लगोलग, "सलाम, सर!" आमचाच जुना विद्यार्थी, उसन्या सायकलीवर. सातवीत असताना तो रोज उशिरा यायचा आणि आम्ही त्याला दाराबाहेर उभे करायचो. पहाटे तो सायकलवर पाव टाकायला जात असे, चढाच्या वस्तीपर्यंत, हे आम्हाला फार उशिरा समजले. त्या दिवशी तो तिसरा आला. बक्षीस घेऊन आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याला दाराबाहेर उभे केल्याबद्दल माफी मागितली. त्याला ते आठवतच नव्हते, किंवा आठवत नाही असे तो म्हणाला.

एवढ्या पराभवानंतर पुन्हा का जावे? आम्ही इतरांची उदाहरणे शोधून स्वतःला समजावले. नॉर्वेची गुन-रिटा डाहले, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची सुवर्णविजेती, २०१८ मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी विश्वचषकाची फेरी जिंकली. आपल्याकडे नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती डांबरी रस्त्याची शर्यत, हे खरे. पण दवाखाना सांभाळून सराव करता येतो, तर पेपर तपासून का नाही?

सराव वाढवला. आठवड्यात दोन दिवस घाट, एक दिवस पायवाट, शुक्रवारी विश्रांती, रविवारी कासच्या रस्त्याने लांब फेरी. कासला आम्ही डांबर सोडत नाही. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आणि वारसा नसता तरी जांभ्यावरच्या बोटभर मातीत उगवणाऱ्या फुलांवरून चाक नेणे आम्हाला जमले नसते. दर वर्षी काही बहाद्दर नेतातच.

दुसरी शर्यत आठ किलोमीटरच्या तीन फेऱ्यांची होती. चाळीस वर्षांवरील गटात आम्ही एकोणीस जण. तिसरी फेरी एक तास चाळीस मिनिटांच्या आत सुरू केली नाही तर बाहेर काढणार, असा नियम. प्रत्येक फेरीच्या शेवटी चारशे मीटरचा दगडगोट्यांचा उतार होता. आम्ही आदल्या दिवशी तो पायी उतरून पाहिला होता. सायकल हातात धरून उतरायला सहा मिनिटे, बसून गेले तर दीड-दोन.

पहिल्या फेरीत आम्ही उतरलो. चढावर कष्टाने मागे टाकलेले चौघे बाजूने खडखडत निघून गेले. दुसऱ्या फेरीत पुन्हा चौघांपैकी तिघांना चढावर गाठले, पुन्हा उतरलो, पुन्हा ते तिघे गेले. खालच्या टेबलावर घड्याळात एक तास सदतीस मिनिटे झाली होती. तीन मिनिटांनी वाचलो. तिसऱ्या चढावर मांड्यांत गोळे येऊ लागले. खिशातले दोन खजूर खाल्ले, मीठ-साखरेचे पाणी प्यालो. माथ्यावर पोहोचलो तेव्हा पुढे कोणी नव्हते, मागेही कोणी नव्हते, फितीवाला कार्यकर्ताही नव्हता. सायकल थांबवली. खाली झाडांच्या फटीतून मंडप दिसत होता.

शेवटी आम्ही चौदावे आलो. एकोणिसातील तिघे शर्यत सोडून गेले होते, म्हणजे सोळांत चौदावे. तिसऱ्या महिन्याचा आकडा आला ६.३. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली.

संध्याकाळी घरी पोहोचलो. बेगमनी आधी दोन्ही मनगटे फिरवून पाहिली, मग चहा ठेवला.

"दगडाचा उतार होता?"

"होता."

"उतरलात ना?"

"दोनदा उतरलो."

त्यांनी साखरेचा डबा उघडला, आमचा कप बाजूला केला, आपल्या कपात साखर घातली आणि डबा बंद केला.

"फेऱ्या किती होत्या?"