वीज, विद्युतदाबातील उसळी आणि घरगुती संगणकाचे संरक्षण : राजूर (जि. यवतमाळ) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, परीक्षेचे प्रवेशपत्र यांसारखी अनेक कामे आज घरच्या संगणकावर होतात. वणी तालुक्यातील राजूरसारख्या कोळसा खाणींच्या परिसरातील गावही यास अपवाद नाही. मात्र वादळी पावसाच्या एखाद्या सायंकाळी संगणकाचा मदरबोर्ड जळतो आणि यंत्राबरोबर त्यात साठविलेली वर्षानुवर्षांची माहितीही नष्ट होते. विशेष म्हणजे अशा अनेक घरांत स्पाइक बोर्ड बसविलेला असतो. संरक्षक साधन असूनही हानी का होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्युतदाबातील उसळीची कारणे

घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. या दाबात अचानक होणारी मोठी वाढ म्हणजे उसळी, अर्थात सर्ज होय. तिची प्रमुख कारणे तीन आहेत.

१) आकाशातील वीज : विजेच्या एका लोळातील धारा साधारणपणे ३०,००० अँपिअरच्या आसपास असते. हानी होण्यासाठी वीज घरावरच पडावी लागते असे नाही. ती जवळपास कोसळली तरी तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे उघड्या तारांमध्ये हजारो व्होल्टचा दाब प्रवर्तित होतो आणि तो तारांवाटे घरात शिरतो. गावातील वीजवाहिन्या खांबांवरून उघड्या जात असल्यामुळे तेथे हा धोका अधिक असतो.

२) न्यूट्रल तार तुटणे : रोहित्रापासून येणारी न्यूट्रल तार वाऱ्याने तुटली किंवा सैल झाली, तर काही घरांत दाब २३० वरून ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. ही अवस्था क्षणिक नसते. ती कित्येक मिनिटे टिकू शकते.

३) मोठ्या मोटारी चालू-बंद होणे आणि खंडित पुरवठा एकाएकी पूर्ववत होणे : या उसळ्या तुलनेने लहान असतात, परंतु वारंवार आल्याने उपकरणांचे आयुष्य घटते.

सर्ज प्रोटेक्टरचे कार्य

चांगल्या स्पाइक बोर्डमध्ये झिंक ऑक्साइडपासून बनविलेला व्हॅरिस्टर हा घटक असतो. सामान्य दाबास तो जवळजवळ निरोधकासारखा वागतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो क्षणार्धात वाहक बनतो आणि जादा धारेला संगणकाबाहेरील वाट मोकळी करून देतो. म्हणजेच तो उसळी अडवीत नाही, तर वळवितो. विजेमुळे आलेल्या धारेला अखेर जमिनीत जायचे असते आणि तेथे जाण्याची वाट म्हणजे अर्थिंग. सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रामागे तारच जोडलेली नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून वापरला जात असेल, तर हे संरक्षण अपुरे राहते. शिवाय प्रत्येक उसळीगणिक व्हॅरिस्टर झिजतो. त्यामुळे बोर्डवरील दिवा लागतो म्हणजे संरक्षण शाबूत आहे, असे गृहीत धरता येत नाही.

काळी माती आणि अर्थिंग

या परिसरात कापसाची काळी माती आढळते. ओली असताना ही माती विजेची चांगली वाहक असते. उन्हाळ्यात मात्र ती वाळते, आकसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या नळीचा मातीशी असलेला संपर्क सुटू लागतो. परिणामी अर्थिंगचा रोध वाढतो. नेमक्या याच काळात, म्हणजे एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत, मान्सूनपूर्व वादळे होतात. ज्या दिवसांत अर्थिंगची सर्वाधिक गरज, त्याच दिवसांत ते सर्वांत दुर्बल असते.

एक साधे गणित पाहू. १,००० अँपिअर धारा ५ ओहम रोधाच्या अर्थिंगमधून गेली, तर तेथील दाब ५,००० व्होल्टने वाढतो; रोध ५० ओहम असेल, तर तीच वाढ ५०,००० व्होल्ट होते. दुसऱ्या स्थितीत धारा संगणकातून वाट शोधण्याची शक्यता कितीतरी वाढते.

काही प्रचलित समज

‘एमसीबी आहे, मग भीती कशाची?’ असे म्हटले जाते. एमसीबीला बंद होण्यास मिलिसेकंद लागतात, तर विजेची उसळी मायक्रोसेकंदांत आपले काम करून जाते. एमसीबी वायरिंगचे रक्षण करते, संगणकाचे नव्हे. घरोघरी आढळणारा साधा यूपीएसदेखील पुरवठा चालू असताना बाहेरचीच वीज पुढे पाठवितो. इमारतीवरील तडितरोधक इमारतीस वाचवितो. तारांतून येणारी उसळी त्याने थांबत नाही.

उपाययोजना

१) अर्थिंगची नळी किमान २.५ मीटर लांबीची असावी. उन्हाळ्यात खड्ड्यात नियमित पाणी घालावे. पावसाळ्यापूर्वी जाणकार तंत्रज्ञाकडून रोध मोजून घ्यावा; घरासाठी तो ५ ओहमच्या आत असणे इष्ट.

२) मुख्य बोर्डवर सर्ज संरक्षक साधन आणि अतिदाबास पुरवठा तोडणारे साधन बसवावे. न्यूट्रल तुटल्यास दुसरेच उपयोगी पडते.

३) केबल टीव्ही, तांब्याची दूरध्वनी तार आणि राउटरपासूनची लॅन केबल याही उसळीच्या वाटा आहेत. घरात येणाऱ्या सर्व धातूच्या वाहिन्यांचे अर्थिंग एकाच ठिकाणी जोडलेले असावे, अन्यथा दोन वाहिन्यांमधील दाबाचा फरक संगणकावर पडतो. संगणक वायफायने जोडल्यास लॅन केबलची वाट आपोआप बंद होते.

४) वादळ येण्यापूर्वीच प्लग व सर्व केबल काढून ठेवाव्यात. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ ॲपवरून विजेची पूर्वसूचना मिळते. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी प्लग वा तारांना हात लावू नये. संगणकापेक्षा जीव मोलाचा आहे.

५) महत्त्वाच्या माहितीची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून वेगळी ठेवावी.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, संगणकाचे संरक्षण ही केवळ महागडे साधन खरेदी करण्याची बाब नाही. ते साधन ज्या जमिनीवर विसंबून असते, तिची अवस्था ऋतूनुसार बदलते. म्हणून ग्रामीण विदर्भात पेरणीपूर्व मशागतीप्रमाणेच अर्थिंगची तपासणीही मृगापूर्वी दरवर्षी करण्याचे काम ठरावे. वीज अगदी जवळ पडल्यास कोणतेही साधन पूर्ण हमी देत नाही; तारांपासून वेगळा केलेला संगणक आणि अन्यत्र ठेवलेली माहितीची प्रत हेच अखेरचे विश्वासार्ह संरक्षण होय.